गेल्या वर्षीचं मॉडेल

आई गेल्यावर पाचव्या आठवड्यात घरातला टीव्ही बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवत स्क्रू पुन्हा पिळले. बाबा म्हणाले, "राहू दे. नाहीतरी मला कुठे लावता येतो?"

ते खरं होतं. बाबांनी रिमोट कधी हातात धरला नव्हता. खुर्चीतून ते म्हणायचे, "अगं, बातम्या लाव." आई स्वयंपाकघरातून हो म्हणायची आणि यायची नाही. दुसऱ्या हाकेला, "आले, आले." तिसऱ्या हाकेला ओले हात पुसत यायची, बटण दाबायची, दोन मिनिटं उभ्यानेच बघायची आणि म्हणायची, "जगबुडी होत नाहीये. जाऊ आता?"

मला रविवारी परत निघायचं होतं. त्यानंतर बाबा एकटे. त्यांचा उजवा हात थरथरतो. संध्याकाळी त्या खोलीत निदान कुणाचा तरी आवाज असावा, आणि तो त्यांचा त्यांना लावता यावा, एवढंच मला हवं होतं. शनिवारी त्यांना घेऊन दुकानात गेले.

दोन मॉडेलं शेजारी शेजारी लावलेली होती, एक गेल्या वर्षीचं, एक यंदाचं. "चित्रात म्हणाल तर काडीचा फरक नाही," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "जुन्याला हा बटणांचा रिमोट. नव्याला नुसतं तोंडाने सांगायचं. काकांचा हात बघता नवाच घ्या."

भावाने फोनवर हेच सांगितलं होतं. माझंही तेच ठरलं होतं.

"काका, बोलून तर बघा. काहीही सांगा त्याला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. घसा खाकरला.

"अगं, बातम्या लाव."

लागल्या. वाक्य संपतं न संपतं तोच.

"बघा! एका हाकेत!" बाई खूश झाल्या.

बाबा पडद्याकडे बघत राहिले. बातम्या देणारी मुलगी कुठल्याशा पुलाबद्दल सांगत होती. तिचं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "हा नको."

"का हो काका? ऐकलं की त्याने तुमचं."

"ऐकलं ना. तेच." मग हळूच, "एका हाकेत येणाऱ्यातली नव्हती ती."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "बाबा, पण तुमचा हात..."

"हाताचं माझं मी बघतो."

संध्याकाळी गेल्या वर्षीचं मॉडेल भिंतीवर लागलं. बातम्यांच्या बटणावर मी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला, बोटाला कळावा म्हणून. बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि अंगठा टेकवला. कुठलीतरी कुस्ती लागली. पुन्हा दाबलं, तर एक बाई साबण विकत होती. मी उठले.

"बस तू खाली."

मी बसले. तिसऱ्या वेळी बातम्या लागल्या.

त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला, त्यावर हात ठेवला. दोन मिनिटं बघितलं.

"जगबुडी होत नाहीये," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "जा तू उद्या."