चौऱ्याहत्तर वर्षांची ताई

वयबाबाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात रांग, दारात चपलांचा ढीग आणि आतून सारखा एकच गलका, "उतरलं! उतरलं!" उतरत होतं ते लोकांचं वय. टेबलावर एक पेटी होती आणि तिला वायरने जोडलेल्या दोन तांब्याच्या नळ्या. नळ्या मुठीत धरल्या की काचेवर लाल आकडा यायचा. ते म्हणे शरीराचं खरं वय! मग बाबा तळहातांवर बाटलीतले थेंब चोळायचा, पुन्हा नळ्या धरायला लावायचा आणि वय दहा-पंधरा वर्षांनी खाली यायचं.

"जन्मतारीख कागदावर असते," बाबा म्हणायचा, "पण शरीराला कुठे वाचता येतं?" काय टाळ्या पडायच्या! मी मात्र सारखी घड्याळाकडे बघत होते. उद्या सकाळी दहाला ताईला हॉस्पिटलात न्यायचं होतं आणि ती तयार नव्हती.

ताईला पंधरा वर्षांपासून एचआयव्ही आहे. नवऱ्याने जाताना मागे ठेवलं ते एवढंच. रोज न चुकता गोळी घेते, काम करते, माझ्यापेक्षा जास्त हसते. गेल्या महिन्यात तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाशी एक डाग दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुकडा काढून तपासू. कॅन्सरची सुरुवात असली तर आत्ताच आवरता येईल." ताई घाबरली आणि शेजारणीचं ऐकून इथे आली. पेटीने तिला चौऱ्याहत्तर वर्षांची ठरवलं. ती चव्वेचाळीसची आहे.

"गोळ्यांनी तुझं शरीर म्हातारं केलंय," बाबाने ठोकून दिलं. "म्हाताऱ्या शरीरात कॅन्सर येणारच. गोळ्या बंद, हॉस्पिटल बंद. आधी वय उतरवू, डाग आपोआप जाईल."

खरं सांगते, मीही हादरले होते. कारण त्याच दिवशी माझा आकडा आला अठ्ठावीस आणि मी एक्केचाळीसची. आजारी बहीण म्हातारी, धडधाकट बहीण तरुण, सगळं कसं जुळत होतं! चार वेळा आलो, चारही वेळा तेच. थेंबांनी ताईचं वय उतरायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा चढलेलं असायचं. नऊ दिवस तिने गोळीला हात लावला नव्हता. मला एका जागी बसवत नव्हतं.

आज पाचवी खेप. ताईने नळ्या धरल्या आणि थेंब लावायच्या आधीच आकडा आला एकतीस.

"बघा!" बाबा जवळजवळ उडालाच. "चौऱ्याहत्तरची एकतीस झाली!" हॉल दणाणला. ताई रडायला लागली. "बघितलंस ना? उद्या मी कुठेही येणार नाही."

रागाच्या भरात मी तिच्या हातातल्या नळ्या हिसकावल्या आणि घट्ट धरल्या. एकोणसत्तर!

"बहिणीचं म्हातारपण हिने अंगावर घेतलं!" बाबा लगेच म्हणाला. गडी मोठा हजरजबाबी.

मी माझे तळवे बघितले. कोरडे ठणठणीत. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही दोघी एकाच लॉन्ड्रीत. ती इस्त्रीवर, मी धुण्यावर, आणि सुटलो की थेट इथे. दिवसभर गरम कापडावर फिरून तिचे हात कोरडे पडायचे, माझे पाण्यात भिजून ओलसर असायचे. आज तिची कंबर धरली होती, म्हणून ती बसून साबणाच्या पाण्यात कॉलर घासत होती आणि इस्त्री मी केली होती.

मी बाबाच्या पुढ्यातल्या पाण्याच्या पेल्यात हात बुडवले आणि नळ्या धरल्या. सत्तावीस. मग थेंबांची बाटली उचलून जिभेला लावली. खारट.

"अहो, हे मिठाचं पाणी आहे!" मी ओरडले. "ओल्या हाताने बटणाला शिवू नका, असं आमच्या लॉन्ड्रीत पहिल्या दिवशी सांगतात. ओल्या हातातून वीज सहज जाते, कोरड्यातून अडते. वीज जास्त गेली की आकडा कमी. ही पेटी वय मोजत नाही, हात किती ओले ते मोजते!"

"खोटं!" बाबा म्हणाला. पण एक आजोबा तोवर नळाकडे पोचलेही होते. हात ओले करून आले आणि सव्वीसचे झाले. मग जी हसाहस झाली, तिच्यात बाबाने पेटी कधी गुंडाळली ते कळलंच नाही.

ताई हसली नाही. "नऊ दिवस गं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आधी रक्त तपासायला दिलं, गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. ताईने विचारलं, "म्हणजे शरीर लवकर म्हातारं होतं, ते सगळं खोटंच?"

"नाही," त्या म्हणाल्या. "या आजारात शरीर थोडं लवकर झिजू शकतं. काही कॅन्सर जास्त होतात, जास्त छळतातही. म्हणूनच गोळी रोज हवी आणि तपासणी वेळेवर. तुमच्या त्या बाबाने खऱ्या भीतीला खोटा उपाय चिकटवला."

तेव्हा मंडळी, अशी पेटी तुमच्या गल्लीत आली तर एकदा कोरड्या हातांनी धरा, एकदा ओल्या. आणि त्याआधी कुणी गोळी बंद करायला सांगितली, तर तिथून सरळ डॉक्टरांकडे निघा.

तुकडा काढायच्या खोलीबाहेर कारकुनाने फॉर्म पुढे ओढला. "वय?"

ताईने माझा हात धरला. तिचा हात घामाने ओलाचिंब होता.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली, आणि आत गेली.