दमलेल्या माणसाची ओळ

दिवसभर फुलचूरच्या क्लासमध्ये टायपिंग शिकवून अलकाचे खांदे भरून आले होते, तरी संध्याकाळी तिने लॅपटॉप उघडलाच. नागपूरहून लेकीने, दीप्तीने, सरावासाठी मुद्दाम कच्चं बनवलेलं लिनक्स मशीन, म्हणजे लॅपटॉपमध्येच चालणारा आभासी संगणक, पाठवलं होतं. त्याची सुरक्षा फोडता आली तरच सायबर सुरक्षेच्या कोर्सचा फॉर्म भरायचा, असं अलकाने ठरवलं होतं, आणि आज शेवटची तारीख होती. साधा युजर म्हणून ती आत शिरली होती. मालकाचे, म्हणजे रूटचे, अधिकार मात्र चार दिवस हुलकावणी देत होते.

"आई, उत्तर नेटवर आहे. कायले जीव काढून राहिली?" दीप्ती फोनवर म्हणाली.

"चूप बस वं. पाहून राहिली ना मी."

मशीनच्या मालकाने आधी टाइप केलेल्या कमांडची यादी अलकाने पुन्हा वाचली. मधली एक ओळ कमांड नव्हतीच. ती थबकली. दमली की तीही असंच करायची. मशीनने विचारायच्या आधीच पासवर्ड टाकून मोकळी व्हायची, आणि तो कमांड म्हणून यादीत जाऊन बसायचा. तिने तीच ओळ रूटचा पासवर्ड म्हणून टाकली. मशीनने मुकाट्याने आत घेतलं.

"झालं?"

"झालं. बिचारा माह्यासारखाच थकला होता."

मग तिने फॉर्म उघडला. जन्मसाल निवडायला यादी खाली, बरीच खाली न्यावी लागली.