बेचाळीस कोकरं

सिरसाळ्याच्या बाजारात बंकटनं त्या दिवशी मेंढ्यांचा भाव विचारलाच नाही. भेटेल त्याला धरून तो एकच गोष्ट सांगत होता, की रविवारी तालुक्याची कबड्डीची फायनल आहे आणि त्याची सुकन्या खेळणार आहे. चहावाल्याला सांगितलं, लोकर घेणाऱ्याला सांगितलं, एसटीची वाट पाहणाऱ्या एका अनोळखी पाव्हण्यालाही सांगितलं. पाव्हणा नेकनूरचा, त्याला इथल्या कबड्डीशी काय देणंघेणं! पण बंकटची छाती अशी फुगली होती, की तो बिचारा "वा, वा" करत ऐकत बसला.

पंधरा दिवसांपूर्वी याच बंकटच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बारावीतली सुकन्या सरावात चढाईला गेली, पकडीत खाली आली आणि समोरच्या पोरीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती उठली, चार पावलं चालली आणि सरांनाच विचारू लागली, "सर, आपण इथं कशाला आलोत?" तिला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला, तो साफ निघाला.

"मंग काय न्हाई झालं," म्हणत बंकट उठायला लागला, तर डॉक्टरीणबाईंनी त्याला परत खुर्चीत बसवलं.

"फोटोत रक्तस्राव दिसतो, मेंदूचं काम दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मार बसला की मेंदूच्या पेशींमधलं क्षारांचं प्रमाण बिघडतं. ते जागेवर आणायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त साखर जाळावी लागते, आणि नेमका तेव्हाच रक्ताचा पुरवठा कमी पडतो. मग त्या थकतात आणि काही दिवस, कधीकधी महिनाभर मंद चालतात. तुमच्याकडे विहिरीवर मोटार आहे ना? एक फेज गेलेली असताना ती चालूच ठेवली तर?"

"जळती की बाई!"

"म्हणून या काळात हिला दुसरा मार बसू द्यायचा नाही. डोकं दुखणं, उजेड न सोसणं, गोंधळणं, सगळं थांबलं की मला दाखवा. मी हो म्हटल्याशिवाय मैदान नाही."

सुकन्याची आई भामाबाई, तिनं एवढ्यातली साखर तेवढी उचलली आणि घरी येताच पोरीला गुळाचे खडे चारायला सुरुवात केली. फोनवर हे कळलं तेव्हा बाई हसल्या. साखर रक्तात आहेच, ती वापरायची ताकद पेशींना परत यायला हवी, आणि ती येते विश्रांतीनं, असं त्यांनी समजावलं. गूळ मुकाट डब्यात गेला.

आणि आता कबड्डीचे विजयसिंह सर, सुकन्या रविवारी खेळेल का हे विचारायला, मोटारसायकलवरून वस्तीवर येऊन गेले होते. सुकन्यानं त्यांना सांगितलं, "ठणठणीत हाय सर." सर म्हणाले, आधी डॉक्टरांचा कागद आणा.

"कागद आला म्हणून समजा!" बंकट म्हणाला आणि तडक बाजारात बोंबलत सुटला.

संध्याकाळी मेंढ्या रानातून परतल्या. दिवसभर घरी राहिलेल्या कोकरांना पाजायची वेळ झाली. सगळी एकदम सोडली तर धट्टी कोकरं दुसऱ्याच्याही आईचं पिऊन घेतात आणि अशक्त उपाशी राहतात. म्हणून बंकटच्या घरी एकेक कोकरू हातानं नेऊन त्याच्या आईला लावायची रीत. कोकरं बेचाळीस, सगळी काळी, परक्या माणसाला एकाचं दुसरं ओळखू येणार नाही. सुकन्या मात्र सातव्या वर्षापासून बोलता बोलता हे काम उरकायची. पंधरा दिवस ते भामाबाईनं केलं होतं. आज सुकन्याच पुढं झाली.

दहा झाली, बारा झाली. मग सुकन्यानं एक कोकरू एका मेंढीला लावलं आणि मेंढीनं त्याला डोक्यानं उडवलं.

बंकटनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मेंढीच बावचळली असेल, असं तो मनाशी म्हणाला. रविवार तीन दिवसांवर होता आणि अख्ख्या सिरसाळ्याला त्यानं सांगून ठेवलं होतं. पण पुढचं कोकरूही उडालं.

"आबा, ही मागं सारती कावून?" सुकन्यानं विचारलं.

ती मेंढी त्या कोकराची आई नव्हती, हे त्याला दहा पावलांवरून दिसत होतं. आणि पोरीला जवळून दिसत नव्हतं.

"सुकने, खरं सांग. डोकं दुखतंय?"

तिनं आधी मान हलवून नाही म्हटलं. मग तिथंच, कोकरू कडेवर घेऊन ती रडायला लागली. "रोज दुखतंय. उजेडात लईच. पण फायनल हाय आबा! मला खेळायचंय."

"मला बी तू खेळायला पाहिजेस," बंकट म्हणाला. "समद्यांपेक्षा जास्त मलाच पाहिजे. पण तुझ्या मोटारीची एक फेज अजून गेलेलीच हाय, बाळा. न्हाई म्हंजे न्हाई."

त्यानं सरांना फोन लावला. दोन दिवस सुकन्या त्याच्याशी बोलली नाही आणि बंकट सिरसाळ्याकडे फिरकला नाही. रविवारी सरांचा फोन आला: पोरी एका गुणानं जिंकल्या, जिल्ह्याची फायनल बीडला, पाच आठवड्यांनी! बंकट आनंदानं ओरडला आणि भामाबाईनं त्याच्या दंडाला चिमटा काढला, कारण आत पोरगी झोपली होती.

त्यानंतर त्या घरात जपणूक सुरू झाली. रेडिओ बंद, मोबाइल बंद, भरपूर झोप. मग थोडं चालणं, थोडं पळणं, पुन्हा दाखवणं. बंकटनं गावात चकार शब्द काढला नाही. फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी सुकन्याला नीट तपासलं आणि कागदावर सही केली.

"आता तरी खूश का?" भामाबाईनं विचारलं.

"बाईची तपासणी झाली," बंकट म्हणाला. "माजी ऱ्हायली."

संध्याकाळी अख्खी वस्ती गोळा झाली. सुकन्यानं ओढणी कमरेला खोचली. पहिलं कोकरू, बरोबर. दुसरं, बरोबर. पंचविसापर्यंत पोरं टाळ्या वाजवू लागली, तिसाव्याला भामाबाईही ओरडायला लागली. सुकन्या थांबतच नव्हती, जणू चढाईवर निघाली होती. एक्केचाळीस!

शेवटचं एक कोकरू उरलं आणि शेवटची एक मेंढी, कानफाटी. ती बें बें करत होती. आता काय, कुणीही लावलं असतं. "लाव की गं!" मागून कुणीतरी ओरडलं.

सुकन्यानं कोकरू उचललं आणि थबकली. त्याचा कान उलटून पाहिला, तोंड पाहिलं.

"आबा," ती म्हणाली, "हे आपलं न्हाईच. उत्तरेश्वरकाकाच्या मेंढ्यांतलं हाय. कानफाटीचं कुठं लपवलंत?"

बंकटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. झोपडीत पळत जाऊन त्यानं घोंगडीत गुंडाळलेलं कोकरू आणलं, कानफाटीला लावलं आणि दोन्ही हात वर करून तिथंच नाचायला लागला. वस्ती नुसती कल्लोळ करत होती.

"नाचताय काय?" सुकन्यानं परकं कोकरू त्याच्या हातात दिलं. "ह्याला आधी पोचवा. त्याची माय तिकडं वरडत असंल."

बंकट कोकरू काखोटीला मारून धावत सुटला. उत्तरेश्वरचं घर हाकेच्या अंतरावर, तरी जायला त्याला अर्धा तास लागला. वाटेत जो जो भेटला, त्याला तो थांबवून सांगत होता, की उद्या बीडला फायनल आहे आणि त्याची सुकन्या खेळणार आहे.