सेक्टर सिक्स नावाची बिअर

"आंटी के लिए कुछ सॉफ्ट में?" वेटरनं मला विचारलं.

"आंटी से ही पूछो ना," मी म्हटलं. आई काही बहिरी नव्हती, नुसती पांढऱ्या केसांची होती. पण अशा ठिकाणी साठीची बाई दिसली की लोक तिच्याविषयी तिच्यासमोरच बोलायला लागतात.

"सादा पानी," आई म्हणाली. "बर्फ मत डालना."

गुरुग्राममधल्या एका पबमधली शनिवारची दुपार, कानठळ्या बसवणारं संगीत आणि काचेपलीकडे माणसापेक्षा उंच स्टीलच्या टाक्या. माझा दादा, अंशुमन, या टाक्यांशेजारी पाच वर्षं उभा राहिला. तो इथे बिअर बनवायचा. आई इथे पहिल्यांदाच आली होती, आणि दादाला जाऊन महिनाही झाला नव्हता. नोव्हेंबरच्या धुरकट सकाळी कामावर येताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. बस, एवढंच. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही.

आईला त्याचं हे काम लोकांना कधी धड सांगताच आलं नाही. बाबा लवकर गेले, त्यांच्याच मंत्रालयात तिला क्लार्कची नोकरी मिळाली आणि दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिनं आम्हां दोघांना वाढवलं. करोल बागेतल्या गणपतीत सुनीतीकाकूंनी विचारलं, "अंशुमन काय करतो हल्ली?" तर ही म्हणाली, "फूड प्रोसेसिंग."

"म्हणजे लोणची का?"

"हो, तसंच काहीतरी."

दादा हसून हसून लोळला होता. "आई, लोणच्याइतकं मीठ नसतं गं त्यात!"

तर झालं असं, की दिल्ली-एनसीआरमधल्या बिअरवेड्यांचा एक ग्रुप आहे. ते दर डिसेंबरला वर्षभरातल्या आवडत्या लोकल बिअर निवडतात. या वेळी पहिली आली ती दादाची, 'सेक्टर सिक्स'. जयेशचा फोन आला. जयेश दादाचा साथीदार, मूळ नाशिकचा. म्हणाला, "तिचं शेवटचं पिंप, शेवटचा केग लागलाय नळाला. काकूंना घेऊन ये." आई येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिनं ऑफिसला नेसायची ती निळी साडी नेसली आणि म्हणाली, "चल."

सेक्टर सिक्स म्हणजे आर. के. पुरममधला आमचाच सेक्टर. तिथल्या रस्त्यावर जुलैत जांभळांचा खच पडतो. दादानं ती डबा भरून वेचली आणि त्यांच्या सालींवरून यीस्ट वाढवलं. वर्षभर त्याचा तोच उद्योग. कधी बुरशी यायची, कधी नुसता व्हिनेगर व्हायचा, की ओत मोरीत आणि कर पुन्हा सुरू. शेवटी एकदाचं जमलं, तेव्हा काचेची बरणी आईच्या नाकाखाली धरून म्हणाला, "हे माझं विरजण."

"मग खालच्या कप्प्यात ठेव. माझ्या दह्याला त्याचा वास लागायला नको."

ती बरणी घरीच राहायची, कारण हे रानटी यीस्ट पबमध्ये ठेवायला मालक तयार नव्हते. एका टाकीतून दुसरीत गेलं तर सगळीच बिअर नासते म्हणे. दादा लागेल तेवढं घरून न्यायचा.

जयेश आमच्यासमोर येऊन बसला. त्यानं बिअरचा एक ग्लास टेबलावर ठेवला, पण पिईना. बिचारा पार वाळला होता.

"काकू, मालकांशी बोललो मी," तो म्हणाला. "ही बिअर दरवर्षी करायची, अंशुमनच्या नावानं. तेवढी घरातली बरणी द्या मला. मी आजच येतो तुमच्याबरोबर. जपून ठेवीन, जीवापाड."

आईनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"ती बरणी? तिच्यात मी धने भरलेत."

"आणि आतलं?"

"ओतून टाकलं."

मला हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की सुतक फिटताना घर धुवून काढतात. शिजवलेलं, आंबवलेलं काही म्हणून ठेवत नाहीत, दह्याचं विरजणसुद्धा. आईनं त्या दिवशी फ्रिज रिकामा केला, तेव्हा मी बाहेर पडदे काढत होते.

"माझं दही गेलं, त्याचंही गेलं," आई म्हणाली. "मला वाटलं, विरजण तर आहे. दह्याचं मी शेजारून मागून आणलं. तसं हेही तुमच्याकडे कुणाकडे तरी..."

"हे शेजारी कुणाकडेच नाही, काकू."

"इथे? टाकीत? थोडंसं?"

जयेशनं मान हलवली. "प्रत्येक वेळी आम्ही लगेच टाकी धुतो. गरम पाणी, केमिकल. बाकीच्याला लागायला नको म्हणून. केगमधलीही गाळून, तापवूनच भरतो."

"जांभळं येतील की पुन्हा."

"येतील. पण ते हे नसेल."

आई म्हणाली, "म्हणजे तेवढं एक जिवंत होतं त्याचं, आणि ते मी माझ्या हातानं मोरीत ओतलं." तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही, तेच मला सहन होईना. मी तिचा हात धरला. जयेशच लहान मुलासारखा रडायला लागला, तर तिनंच त्याच्या खांद्यावर थोपटलं. "असू दे रे. तुला काय माहीत, मला काय माहीत."

मग तिनं त्याच्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. जन्मात पहिल्यांदा. तोंड वाकडं झालं.

"कडू आहे," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नंतर जांभूळ लागतं. जीभ धरते."

तेवढ्यात वेटर आला. "सर, केग में बस एक ग्लास बचा है. बगल वाली टेबल का ऑर्डर है. मना कर दूँ?"

"मना कर दो," जयेश म्हणाला. "घरवालों के लिए रखो."

"नको," आई म्हणाली. "त्यांना दे. लोकांनी प्यावी म्हणूनच केली ना त्यानं?"

ग्लास शेजारच्या टेबलावर गेला. माझ्याच वयाची एक मुलगी होती, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. आई तिच्याकडे बघत राहिली. एकटक, अगदी बिनधास्त. मी कोपरानं ढोसलं तरी मान वळवेना. शेवटी ती मुलगी ओशाळली.

"आंटी, आपको चाहिए थी क्या?"

"नहीं बेटा. कैसी है?"

"बहुत अच्छी! इस साल की मेरी फेवरेट."

"मेरे बेटे ने बनाई है."

"सच में?" मुलगी खुर्चीतून अर्धी उठलीच. "उनको बोलिएगा, अगली बार ज़्यादा बनाएँ. हर बार खत्म हो जाती है."

मी तोंड उघडलं. आईनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला.

"बोलूँगी," ती म्हणाली.

मुलगी हसली, मैत्रिणींशी बोलायला वळली आणि बोलता बोलता पीत राहिली. तिचा ग्लास रिकामा होईपर्यंत आई तिथेच बघत होती. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सगळी प्यायली गं," ती मला म्हणाली.