एकशेवीसची घंटी

एडविनच्या गाडीत सगळं होतं, फक्त घंटी वाजत नव्हती.

आखातातल्या गाड्यांची ती एक खोड. काटा एकशेवीसच्या पुढे गेला की आतून टिंग-टिंग सुरू होतं, बाबा रे, सावकाश जा म्हणून. शहाण्याने ते ऐकून पाय सैल करावा. पण अजमानच्या कॅफेटेरियात दर शुक्रवारी सकाळी जमणाऱ्या आपल्या मराठी गाडीवेड्यांना शहाणपणाशी काय घेणंदेणं! त्यांच्यात घंटी म्हणजे इज्जत. ज्याची गाडी वाजत नाही तो मुका. आणि मंडळात मुका एकटा एडविनच. "या या, मुकाशेठ!" अशी किसन आरोळी ठोकायचा, तेव्हा बरोबर आलेल्या बायका मुक्याचा भलताच अर्थ घेऊन पदराआड हसायच्या. एडविनची बायको इनेज तर सगळ्यांत मोठ्याने.

हा किसन साइटवरचा फोरमन आणि मंडळाचा पुढारी. मोटरसायकलवरून पडून त्याच्या घोट्यात सळई बसलेली. पडला तो गाडी स्टँडला लावताना, पण दर शुक्रवारी त्या अपघाताचा वेग वाढतच चालला होता. त्याच्यापुढे एडविन म्हणजे हॉटेलात बिलं तपासणारा, चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घालणारा वसईकर. मंडळाने मुका म्हटलेलं त्याने कधीच गिळलं होतं. पण एक दिवस लेक कॅरन मागच्या सीटवरून म्हणाली, "डॅडी, किसन अंकल्स कार सिंग्ज. इज अवर कार सिक?"

पोरीने गाडीची कीव करावी? एडविनच्या काळजात चर्र झालं. "तुझ्या वाढदिवसाच्या आत वाजवून दाखवतो," तो बोलून बसला.

मग काय, हौसेला मोल नसतं आणि अक्कलही नसते. सनायातल्या गॅरेजांच्या गल्लीत खैरुद्दीन मिस्त्रीकडे गाडी गेली. आधी कार्बुरेटर उघडला. मग सायलेन्सर मोठा बसवला. गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडू लागली आणि बिल्डिंगच्या वॉचमनने एडविनशी बोलणं टाकलं. मग इंजिनाचं हेड घासून घेतलं. त्यानंतर ती इतकी तापायची, की सूट-टायमधला एडविन रस्त्याकडेला बॉनेट उघडून वर्तमानपत्राने वारा घालताना अर्ध्या शारजाने पाहिला. काटा मात्र एकशेदहावर थरथरायचा आणि तिथेच बसायचा.

"त्यापेक्षा देवळाची घंटा आणून बांध की मागे," इनेज म्हणाली.

शेवटी खैरुद्दीनच कंटाळला. हात पुसत म्हणाला, "साब, सच बताओ. आपको स्पीड चाहिए कि घंटी?"

"घंटी!"

"पक्का?"

"बेटी को जबान दी है, खैरुद्दीनभाई!"

"तो इंजिन को बख्श दो. यल्ला, टायर बदलते हैं."

त्याने रुंद, बुटके, चकचकीत टायर चढवले. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसू लागली. वा, शर्यतीची गाडी! एडविनने काही विचारलं नाही. बिलातला एक दिरहॅम इकडचा तिकडे झाला तरी दहा प्रश्न विचारणारा माणूस, पण इथे तोंड उघडायचं त्याला सुचलंच नाही.

वाढदिवस शुक्रवारीच आला. किसन साक्षीदार म्हणून पुढे बसला, मायलेकी मागे. मोठ्या रस्त्यावर एडविनने पाय दाबला. शंभर. एकशेदहा. एकशेपंधरा. एकशेवीस. आणि टिंग-टिंग, टिंग-टिंग!

"इट्स सिंगिंग! डॅडी, इट्स सिंगिंग!" कॅरन टाळ्या पिटत उड्या मारू लागली. एडविनचे डोळे भरून आले. चाळिशीचा बाप्या, घंटी ऐकून रडतोय, काय म्हणावं! पण त्या क्षणी त्याच्याइतका सुखी माणूस सातही अमिरातींत नसेल.

तेवढ्यात डावीकडून कामगारांची बस आली. खडखडत आली आणि आरामात पुढे गेली. खिडकीत संत्रं सोलत बसलेल्या एकाने कॅरनला टाटा केला.

घंटी वाजतच होती. एडविनने काट्याकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, आणि त्याच्या हिशेबी डोक्यात लख्ख उजेड पडला. टायर बुटका, म्हणजे चाकाच्या फेऱ्या जास्त. फेऱ्या जास्त, म्हणजे काट्याला वाटतं गाडी पळतेय. अरे देवा! इतका खटाटोप करून आपण गाडी पळवली नाही, काट्याला फसवलं.

"बसवाले हल्ली फार जोरात हाणतात," किसन खिडकीबाहेर बघत म्हणाला.

कॅफेटेरियात तो टेबलावर थाप मारून गरजला, "वाजली! या कानांनी ऐकली!" मंडळ उठून उभं राहिलं. समाधानने मिठी मारली, हेमचंद्रने स्वतःचा चहा एडविनपुढे सरकवला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो मान समोर आला, आणि एडविन चहात नुसताच चमचा फिरवत राहिला. आता सांगून टाकावं का?

सांगायला कॅरन होतीच. ती खुर्चीवर चढून म्हणाली, "बट अंकल, अ बस ओव्हरटुक अस!"

सगळं टेबल आपापल्या कपात बघू लागलं.

मग किसन, समाधान आणि हेमचंद्र एकदमच ओरडले, "अरे, पोरीला आईस्क्रीम आण!"

एडविनने काचेतून बाहेर पाहिलं. मंडळाच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. एकजात रुंद, बुटक्या, चकचकीत टायरांच्या.

किसन त्याच्या कानाशी वाकला. "झाकली मूठ, एडविनशेठ."

कॅरनपुढे तीन आईस्क्रीमं आली. एडविनने तिच्या फुललेल्या तोंडाकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला, आणि त्या दिवशी तो खरोखरचा मुका झाला.