मऊ पिशवी

सारिकाने दुपट्यात हात घातला. बाळाची पाठ थंडगार लागत होती.

वैशाखरे गावापलीकडच्या पाड्यावर ती आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची स्वयंसेविका होती. थंड पाठ म्हणजे काय, हे तिला कुणी समजवायची गरज नव्हती. पोर नऊ दिवसांचं, अजून दोन किलोलाही भरलं नव्हतं. त्याच्यासाठीच तिने उपकेंद्रातून ती ऊबेची पिशवी आणून दिली होती. आत कसलासा क्षार होता. पिशवी गरम पाण्यात ठेवली की तो विरघळायचा आणि मग तीन-चार तास अंगाइतकीच ऊब देत राहायचा.

"काकी, पिशवी कधी बदललीत?"

बाळाची आजी गिरजाकाकी चुलीपुढून उठून आली. "बदलायची कशाला? मऊच हाय ती. मी सकाळधरनं दाबून बघतेय. तूच सांगितलंस ना, मऊ हाय तवर ऊब हाय, कडक झाली का काढायची?"

सारिकाने पिशवी ओढून काढली. खरंच मऊ होती, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी. आणि घागरीतल्या पाण्यासारखी गार.

मऊ आणि गार? असं होऊच कसं शकतं? हा नियम तिने स्वतः बनवला होता. पिशवीबरोबरच्या कागदावर बारा ओळी होत्या. काकीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने बारा ओळींचं एक वाक्य केलं होतं. ते वाक्य तिला फार आवडलंही होतं.

"काकी, हाताला गार नाय लागली?"

"माझ्या हाताला काय लागतंय?" काकीने दोन्ही तळवे पुढे केले. भातकापणीचे, लाकूडफाट्याचे घट्टे. "निखारा उचलते मी ह्या हातानं."

सारिकाने बाळाच्या काखेत थर्मामीटर धरलं. चौतीस पूर्णांक दोन. पोर रडतही नव्हतं, नुसतं ओठ हलवत होतं. तिने बाळाचे कपडे उतरवले, बाळंतीण अंजूच्या उघड्या छातीवर त्याला आडवं घातलं, वरून गोधडी ओढली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. मुरबाडहून यायला पाऊण तास, असं उत्तर आलं. बाळाचा बाप पंढरी म्हसा गावच्या जत्रेत बैल बघायला गेला होता. त्याचा फोन लागेना.

"ही रांड पिशवीच खोटी!" काकीने ती हिसकावली आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटली.

पिशवीच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका उमटला. त्याला सुया फुटल्या. त्या सुया झरझर पसरत गेल्या आणि बघता बघता सगळी पिशवी दुधासारखी पांढरी, टणक झाली. काकी दोन पावलं मागे सरली.

"जित्ती हाय ती! हात नको लावू गो!"

सारिकाने हात लावला. पिशवी कोमट होती. मग चांगली उबदार झाली. समोर चूल नाही, पाणी नाही, आणि दगडावर पडलेली गार पिशवी आपणहून तापत होती.

तिने ती फडक्यात गुंडाळून उचलली. काकी आडवी आली. "कडक झालीया! कडक झाली का काढायची, तूच म्हनलीस!"

"थांबा काकी, देवाशपथ थांबा." सारिकाने उपकेंद्रातल्या माधुरी सिस्टरला फोन लावला.

सिस्टर ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "गोठतानाच तर ती ऊब देते. पाणी उकळतं होतं का?"

सारिकाने विचारलं. काकी म्हणाली, "रटरटा उकळवली. अर्धवट कशाला ठेवू? भातात कधी कणी ठेवलीय मी?"

"तीच चूक झाली," सिस्टर म्हणाली. "थोडी कणी राहावीच लागते. तिला धरूनच बाकीचं गोठतं. सगळंच विरघळलं की ती मऊ राहून गार पडते. कागदावर आहे ना. पिशवीला थर्मामीटर लाव आणि सदतिसाच्या आत असेल तर दे बाळाला."

पिशवीला लावलेलं थर्मामीटर छत्तीस दाखवत होतं. सारिकाने ती फडक्यासकट बाळाच्या पाठीवर ठेवली आणि त्याच्या ओठांकडे बघत बसली. अर्ध्या तासाने पोराने एक बारीक किंकाळी फोडली. काखेत आता पस्तीस पूर्णांक एक. अंजू रडू लागली.

गाडी आली. अंजू बाळाला छातीशी धरून चढली, पण काकी अंगणातच उभी राहिली.

"मी नाय येत. माझं हातच मेलेत. मीच पोराला गारठवलं."

सारिकाला गप्प बसता आलं असतं. पाड्यावर कुणालाच कळलं नसतं.

"हात नाय काकी," ती म्हणाली. "पाणी उकळायचं नाय, थर्मामीटर लावून बघायचं, हे सगळं कागदावर होतं. मीच ते गाळलं. वाटलं, तुम्हाला जमायचं नाय."

काकी तिच्याकडे बघतच राहिली, मघाशी त्या पिशवीकडे बघत होती तशी. मग गाडीत चढली आणि सारिका व बाळंतीण यांच्या मधोमध बसली. वाटेतलं टोकावडं गाव मागे पडलं.

नंतर तिने हात पुढे केला.

"दे तो थर्मामीटर. आकडे वळखते मी, बाजार करते. कागद बी काढ. आनि समदं वाच. ह्या टायमाला कायबी गाळू नको."