वर्तुळाशेजारची जागा

हेमाला लोकांच्या घरच्या चौकशा करायचं रीतसर शिक्षण मिळत होतं. कोथरूडला त्यांच्या सोसायटीत हेच काम बायका फुकट करत, पण हेमा मानवशास्त्रात एम.ए. करत होती, त्यामुळे तिच्या चौकशांना क्षेत्रकार्य म्हणायचं. एक कुटुंब निवडायचं, वरचेवर जाऊन त्यांच्यात बसायचं आणि घराण्याचा तक्ता काढायचा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्न झालेलं असेल तर दोघांमध्ये दोन आडव्या रेघा. शिकवणारे आप्पासाहेब तासाला एकदा तरी बजावत, "बघा, ऐका, विचारा. घरात ढवळाढवळ करू नका."

कसबा पेठेतल्या मकबूल बाइंडरांचं घर तिच्या वाट्याला आलं. खाली पुस्तकबांधणीचं दुकान आणि खळीचा वास, वर दोन खोल्या. मकबूलभाईंच्या बायकोने, कमरजहांनी, पहिल्याच दिवशी "काकू नको, खाला म्हण" असं सांगून पुढ्यात नानकटाई ठेवली. मी अभ्यासासाठी आले आहे, हे हेमाने आधीच स्पष्ट केलं. खालाने मान डोलावली. मग हेमाने विचारलं, मुली किती, कुणाची लग्नं कुठे झाली, नात्यात मुली देता का, धाकटीचं वय काय, तिचं ठरलंय का. एवढं सगळं विचारून वर अभ्यासाला आले म्हणणाऱ्या मुलीवर पुण्यात कोण विश्वास ठेवणार?

नानकटाईची जागा साजूक तुपातल्या शिऱ्याने घेतली. नवी चादर अंथरली जाऊ लागली. लोकांचा विश्वास कसा मिळवावा हे आपल्याला जमलं, असं हेमाला वाटलं आणि तिने ते वर्गात ऐटीत सांगितलंही.

एका दुपारी धाकटी परवीन तिला बसस्टॉपपर्यंत पोचवायला आली. परवीन डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती. रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या वाचत चालायची आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायची.

"हेमाताई, रागावू नका. अम्मीला वाटतंय तुम्ही माझ्यासाठी स्थळ बघताय. तुमच्या मैत्रिणीचा भाऊ, इंजिनिअर."

"माझ्या एकाही मैत्रिणीचा भाऊ इंजिनिअर नाही."

"ते मला माहीत आहे. तिला मीच सांगितलं तसं."

नगरचं एक स्थळ आलं होतं. सायकलचं दुकान, माणसं चांगली. पण त्यांना लग्न फेब्रुवारीत हवं होतं आणि सुनेने नोकरी केलेली चालणार नव्हती. परीक्षा एप्रिलमध्ये. इंजिनिअरच्या आशेवर अम्मी नगरकरांना आज-उद्या करत होती.

"तुम्ही खोटं काही बोलू नका," परवीन म्हणाली. "नुसतं विचारत राहा. एकदा परीक्षा झाली की मी अब्बांशी बोलेन. हातात सर्टिफिकेट असलं की ते ऐकतात."

बस आली आणि गेली, हेमा तिथेच उभी राहिली. त्या दिवसापासून तिच्या डोक्याला भुंगा लागला. जेवताना मध्येच उठायची, वही उघडायची, मिटायची. आपण विचारलेला प्रत्येक प्रश्न आता खालाच्या मनात त्या नसलेल्या इंजिनिअरला एकेक हात-पाय जोडतोय, हे तिला समोर दिसत होतं. तरी ती विचारत राहिली, आणि परवीन पडद्याआड मोठ्याने पाठांतर करत राहिली.

जानेवारीत खालाने तिचा हात धरला. "बेटी, शुक्रवारी नगरचे लोक येणार. आता त्यांना हो तरी म्हणायचं नाहीतर नाही. तुझ्याकडचं पक्कं असेल तर मी नाही म्हणून टाकते. गुरुवारी सांग."

हेमा आप्पासाहेबांकडे धावली. त्यांनी चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं.

"निरीक्षकाने मध्ये पडू नये."

"सर, मी बोलले तरी मध्ये पडते आणि गप्प बसले तरी पडते."

"मग हे तुमच्या अहवालात अडचणींच्या प्रकरणात घाला," ते म्हणाले. "छान मुद्दा आहे."

हेमाला त्यांचा चष्मा खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटला.

गुरुवारी जिना चढताना ती तीनदा थांबली. आतून परवीनचा आवाज येत होता. परवीनसाठी खोटं बोलायची तिची तयारी होती, अगदी इंजिनिअरचं नावसुद्धा ठरवून आली होती. पण खाला समोर येऊन बसली, पदराने हात पुसले आणि इतक्या विश्वासाने बघायला लागली की हेमाच्या तोंडून खरं तेच निघालं. स्थळ नाही, मुलगा नाही. अभ्यासच होता.

पडद्यामागचं पाठांतर बंद पडलं.

खाला रागावली नाही. बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत राहिली. मग म्हणाली, "तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. चूक माझीच." आणि चहा ठेवायला उठली.

मार्चमध्ये तक्ता पुरा झाला. द्यायच्या आधी तो घरच्यांना दाखवून तपासून घ्यायचा, हा आप्पासाहेबांचा नियम. हेमाला जायचं नव्हतं, तरी गेली. परवीन माहेरपणाला आली होती, हातावरची मेंदी फिकट झालेली. तिने तक्ता जमिनीवर पसरला आणि पेठांमधल्या पाट्या तपासायची तसं एकेक नाव तपासलं. एका मामीचं नाव दुरुस्त केलं. शेवटी स्वतःच्या वर्तुळापाशी आली. त्याच्या शेजारची जागा हेमाने मोकळी सोडली होती.

"हे राहिलंय," परवीन म्हणाली.

"माझ्याने काढवेना."

"असं कसं, चूक राहील ना तक्त्यात."

तिने हेमाच्या हातातली पेन्सिल घेतली, पट्टी न लावता दोन आडव्या रेघा ओढल्या, त्रिकोण काढला आणि खाली नवऱ्याचं नाव लिहिलं. अक्षर वर्गातल्या फळ्यावर शोभेल असं होतं, गोल, सरळ, शेवटच्या बाकावरूनही वाचता यावं इतकं मोठं.